जागा मोजायच्या, बटणं नाही

माझी थोरली बहीण सत्तावीस वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे होती, आणि तो प्रश्न काय आहे हे आमच्या घरात मला एकट्यालाच थोडंफार कळत होतं. मी शिंपी. आठवीत गणितात दोनदा आपटलेला. तेव्हा घरात तिचं बोलणं कुणाशी होत असेल ते तुम्हीच ठरवा.

ताई जिवंत आहे, धडधाकट आहे. वरच्या खोलीत राहते, खाली दुकान माझं. जित्या माणसावर असं लिहू नये म्हणतात, पण तिच्यावर दुसरं कुणी लिहिणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. शिवाय जे झालं त्यात माझाही हात होता. मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिही की. फक्त आकडे मला दाखव."

दुकान रस्त्याच्या वळणावर आहे. समोर बसथांबा, त्यामुळे दिवसभर कुणी ना कुणी काचेतून आत बघत उभं असतं. दोन मशिनं, एक इस्त्री, एक आरसा, कापणीचं टेबल. पडद्यामागून चौदा पायऱ्या वर जातात आणि थेट ताईच्या खोलीत उघडतात. त्या खोलीत एक खाट, एक खिडकी आणि बाबांचं जुनं कापणीचं टेबल, ज्यावर ताईचे कागद असतात. टेबलाच्या लाकडात कात्रीचे चरे पडलेत. तिचं पेन मधेच त्यात अडकतं आणि ती बाबांच्या नावानं ओरडते.

बाबांची शिकवण एकच होती, आणि ती त्यांनी आम्हा दोघांना अक्षरओळखीच्या आधी दिली. कोटाच्या पट्टीवर सहा बटणं लावायची आहेत. पहिलं वर, शेवटचं खाली, बाकीची मधे सारख्या अंतरावर. नवखा माणूस काय करतो, तर पट्टीची लांबी सहानं भागतो आणि खडूनं खुणा करत खाली येतो. शेवटचं बटण हवं तिथून चार बोटं वरच राहतं. का? कारण बटणं सहा असली तरी त्यांच्या मधल्या जागा पाच. भागायचं पाचानं. बाबा लाकडी पट्टी टेबलावर आपटून म्हणायचे, "जागा मोजायच्या, बटणं नाही." मी चुकलो की हीच पट्टी माझ्या पाठीवर वाजायची. ताई कधी चुकली नाही. आठ वर्षांची असल्यापासून दुकानातल्या सगळ्या बटणांच्या खुणा तीच करायची, आणि बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे की आमच्या पोरीच्या खुणेवर डोळे मिटून काज पाडावं.

पुढे ती गणितात शिकली, खूप शिकली, आणि गावातल्या कॉलेजात तासावर शिकवायला लागली. तासावर म्हणजे जितके तास शिकवाल तितकीच तुमची नोकरी. सुट्टी लागली की तुम्ही कोणी नाही. कायम व्हायचं तर मोठी पदवी हवी, पदवीला प्रबंध हवा, प्रबंधाला प्रश्न हवा. प्रश्न तिला सरांनी दिला. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक, उंच, सावकाश बोलणारे, हिरव्या शाईनं तपासणारे. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

त्याच वर्षी तिनं मला तो प्रश्न समजावला. दुकानातून भरतकामाच्या दोन गोल चौकटी उचलल्या, त्यांच्या कडांना भोकं पाडली आणि एकीपासून दुसरीपर्यंत पांढरा दोरा ओवला, चाळीस वेळा. दोन्ही चौकटी ताणून धरल्या की दोऱ्यांचा एक पिंप तयार व्हायचा. मग तिनं वरची चौकट जराशी फिरवली. दोरे सगळे सरळच राहिले, पण पिंपाला कंबर आली.

"सरळ दोऱ्यांनी भरलेला पृष्ठभाग," ती म्हणाली. "आता याच्यावर एक रेष काढ, प्रत्येक दोऱ्याला एकेकदा छेदणारी. ती रेष स्वतःला किती वेळा छेदते ते मोजायचं."

"स्वतःला कशी छेदेल? गाठ पडेल."

"तिची एक जुळी बहीण जरा बाजूला सरकवायची. दोघी कुठे कुठे भेटतात ते मोजायचं. तीन वेळा भेटल्या तर तीन. भेटल्याच नाहीत तर शून्य."

"बरं."

"आणि काही रेषांचा आकडा उणे येतो. उणे एक, उणे दोन, उणे पाच."

मी हसलो. आमच्या घरात उणंदुणं काढायला माझी बायको आहेच, त्यात ही नवी. पण ताई गंभीर होती. म्हणाली, त्या रेषेच्या आजूबाजूला पृष्ठभागच उणा असतो. कापड कमी पडलं की आपण दोन इंच उणं म्हणतो ना, तसं. म्हणून तिला सरकवताच येत नाही. तिची जुळी निघतच नाही. ती जिथे आहे तिथे, एकटी. हे दोऱ्यांच्या पिंपावर दिसत नाही, ते फक्त आकड्यांत दिसतं. पिंप नुसता ओळख करून द्यायला.

"मग प्रश्न काय आहे?" मी विचारलं.

"समजा हा पृष्ठभागच हळूहळू बदलला. दोऱ्यांची ठेवण जरा हलली. तर ती रेष टिकते का?"

"म्हणजे धुतल्यावर शिवण राहते का."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "हो रे बारक्या," ती म्हणाली. "धुतल्यावर राहते का."

त्या दिवसापासून त्या रेषेचं नाव आमच्यात उणी पडलं. ती कॉलेजातून आली की मी विचारायचो, "उणी कशी आहे?" आणि ती म्हणायची, "आहे. हटत नाही." किंवा, "आज दिसली नाही." बायकोला पहिली दोन वर्षं वाटायचं, ही कॉलेजातली कुणी बाई आहे.

उणे एकची रेष टिकते, हे जुन्या लोकांनी सिद्ध केलेलं होतं. उणे दोनपासून पुढच्या साध्या रेषा जातात, हेही ठाऊक होतं. पृष्ठभाग जरा हलवला की नाहीशा. पण ताईच्या पृष्ठभागांवर आणखी काही अटी लादलेल्या होत्या. अमुक दोरे तमुक ठिकाणी बांधलेले, ते हलू द्यायचे नाहीत. त्या अटी पाळल्या तर उणे पाच, उणे सात अशा रेषासुद्धा टिकतात, असा सरांचा अंदाज होता. सिद्ध करायचं काम ताईचं. पद्धत अशी की रेषेच्या वाटेतले अडथळे मोजायचे. अडथळा हा तिचाच शब्द. अडथळे शून्य निघाले तर उणी टिकते. एक जरी निघाला तर तिचा भरवसा नाही.

सत्तावीस वर्षं वाचायला सोपी आहेत. पहिली सहा वर्षं ती चुकीच्या वाटेनं गेली. मग बाबा आजारी पडले आणि चार वर्षं तिनं त्यांचं केलं. पदवीसाठी केलेली नोंदणी रद्द झाली, तिनं पुन्हा केली. सर निवृत्त झाले, तरी तिचे कागद तपासत राहिले. कॉलेजनं तिचे तास कधी वाढवले, कधी कमी केले. एका वर्षी तर आठवड्याला तीन तासांवर आणलं. एक बरा माणूस तिला बघायला दोनदा आला होता. दुसऱ्या वेळी त्यानं चुकून विचारलं की तुम्ही नेमकं काय करता, आणि ताईनं कागद घेऊन सांगितलं. तिसऱ्यांदा तो आला नाही. आम्ही पुष्कळ हसलो तेव्हा. आता मला त्याचं तितकंसं हसू येत नाही.

आणि मग गेल्या वर्षी, एक्कावन्नाव्या वर्षी, तिचा हिशोब लागला. अडथळे शून्य. प्रबंध टंकून झाला, एकशे दहा पानं. त्यातला एक भाग तिनं एका परदेशी मासिकाकडे पाठवला होता, तोही छापायला घेतल्याचं पत्र आलं. कॉलेजच्या प्राचार्यबाईंनी तिला बोलावून सांगितलं, जागा एक रिकामी झाली आहे. महिनाअखेर प्रबंध विद्यापीठात पोचला तर ती जागा तुमच्यासाठी धरून ठेवते. नाही पोचला तर पदवीवाला कुणीतरी घ्यावा लागेल, आणि तुमचे तासही त्यालाच जातील. विद्यापीठानं दिलेली शेवटची मुदतवाढही त्याच तारखेला संपत होती. म्हणजे सगळं तीस तारखेवर येऊन थांबलं होतं.

ताई खाली आली तेव्हा मी इस्त्री करत होतो. तिनं हे सगळं एका दमात सांगितलं आणि उंबऱ्यावर बसली. मला आनंदानं काय करावं ते सुचेना. मी म्हणालो, "तोंडी परीक्षेला कोट घालून जायचं तू. मी शिवतो."

"मला कोट कशाला?"

"अख्खा जन्म शिंप्याच्या घरात काढलास, आणि अंगावर कायम बाजारातला स्वेटर. लाज वाटते मला."

कापड मी राखाडी निवडलं, पातळ लोकरीचं. अस्तर निळं. सहा बटणं, काळी, चार भोकांची. आयुष्यात इतकं मन लावून मी काही शिवलं नव्हतं, आणि कदाचित त्यामुळेच चुकलो.

नऊ तारीख होती, दुपारचे चार वाजले होते. ताई चहाचे दोन कप घेऊन खाली आली. कोट टेबलावर पसरलेला, मी पट्टीवर खडूनं बटणांच्या खुणा करत होतो. डोळे हल्ली दगा देतात, आणि डोक्यात काय होतं देव जाणे. मी लांबी सहानं भागली. पस्तीस वर्षं धंद्यात काढलेल्या माणसानं सहानं भागली. सहावी खूण झाली तेव्हा खाली चार बोटं पट्टी उरली होती आणि मी तिच्याकडे बावळटासारखा बघत बसलो होतो.

ताई एवढी हसली की कपातला चहा बशीत सांडला. "बाबा असते तर आज पाठ सोलली असती तुझी," ती म्हणाली. तिनं माझ्या हातातून लाकडी पट्टी घेतली, टेबलावर आपटली, आणि अगदी बाबांच्या आवाजात म्हणाली, "जागा मोजायच्या, बटणं..."

आणि ती थांबली.

मला वाटलं, बाबांची आठवण आली. तिनं पट्टी हळूच खाली ठेवली. खुणांकडे बघितलं, एकेका खुणेवर बोट ठेवत गेली. ओठ हलत होते. मग चहा तसाच टाकून ती पडद्यामागे गेली, आणि मी तिची पावलं मोजली, चौदा.

तासाभरानं मी वर गेलो. प्रबंध उघडा होता, पान एक्केचाळीस. पानाच्या कडेला सरांची हिरवी खूण होती, बरोबर असल्याची. ताई खाटेवर हात मांडीवर ठेवून बसली होती.

"काय झालं?"

"या पानावर अडथळ्यांची यादी आहे," ती म्हणाली. अगदी वर्गात बोलते तशी, स्पष्ट. "अमुक आकड्यापासून तमुक आकड्यापर्यंत. यादीतला प्रत्येक आकडा म्हणजे एक अडथळा. अटी लावत गेलं की यादी आखडत जाते. शेवटी किती उरले ते मोजायचं. मी काय केलं, शेवटच्या आकड्यातून पहिला वजा केला."

"मग?"

"मी जागा मोजल्या, बारक्या. इथे बटणं मोजायची होती."

मला तरी उलगडेना. तिनं हात धरून मला स्वतःच्या समोर बसवलं. "तीनपासून सातपर्यंत आकडे किती?"

"चार. नाही. तीन, चार, पाच, सहा, सात. पाच."

"सातातून तीन गेले चार. त्या जागा. आकडे पाच. आता माझी शेवटची यादी बघ. ती आखडून आखडून तीनपासून तीनपर्यंत उरते. तीनातून तीन गेले शून्य. मी शून्य लिहिलं. पण तीन आहे ना तिथे. एकच बटण असलं की जागा शून्यच असते. बटण असतंच."

मी तिला म्हणालो, जोरात म्हणालो, की हे कसं शक्य आहे, तुझ्यासारखी बाई असली पोरकट चूक कशी करेल. ती म्हणाली, दुसऱ्या कुणी केली नसती. ज्याला कुणी लहानपणी जागा मोजायला शिकवलं नाही, तो बोटांवर बटणं मोजतो आणि त्याचं बरोबर येतं. "माझा हातच तिकडे वळतो," ती म्हणाली. "बाबांचं ऐकलं मी." त्या क्षणी मला बाबांचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. मेलेल्या माणसावर रागावून काही होत नाही हे मला कळतं.

तरी मी आशा सोडली नव्हती. ताईनंही नव्हती सोडली. शून्य न निघता एक निघाला म्हणजे उणी जातेच असं नाही, एवढंच की तिचा भरवसा नाही. तो एक अडथळा आपणहून दूर होतो असं दाखवता आलं तर सगळं सावरलं असतं. एकवीस दिवस हातात होते. ती सकाळी तास घेऊन यायची, वर जायची, संध्याकाळी जेवायला खाली यायची. मी विचारायचो नाही. उणी कशी आहे असं विचारायची माझी छाती होत नव्हती. बायको तिच्या ताटात वाढत राहायची आणि ताई खात राहायची, आपण काय खातो याचा तिला पत्ता नसायचा. कोट खुंटीवर टांगला होता. चुकीच्या खुणा मी ब्रशनं झटकल्या, पण नव्या करायचा धीर झाला नाही.

अठ्ठावीस तारखेला दुपारी ती खाली आली. हातात भरतकामाच्या त्या दोन जुन्या चौकटी होत्या. दोरे पिवळे पडले होते, तीन-चार तुटलेले.

"झालं," ती म्हणाली.

मी मशीन थांबवलं. "सुटलं?"

"एक उदाहरण सापडलं. माझ्या सगळ्या अटी पाळणारं. पृष्ठभाग किंचित हलवला, अगदी किंचित, आणि उणी गेली."

"म्हणजे सिद्ध करता येत नाही?"

"म्हणजे खोटंच आहे. कधी खरं नव्हतंच."

बाहेर बस आली आणि गेली. काचेपलीकडची माणसं बदलली. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "सगळीकडेच जाते का ती?"

"एका खास पृष्ठभागावर असते. त्याला हात लावायचा नाही. लावला की सामान्य पृष्ठभाग होतो, आणि सामान्य पृष्ठभागावर उणी नसते."

"सामान्य म्हणजे?"

"आमच्यात सामान्य म्हणजे जवळजवळ सगळे."

"आमच्यातही तेच," मी म्हणालो. ती हसली नाही.

मग मी जे केलं त्याची मला लाज वाटते, पण लपवून काय उपयोग. मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि तिला समजावायला लागलो. म्हटलं, प्रबंध बांधून तयार आहे. परवा नेऊन दे. सरांनी तपासलाय, मासिकवाल्यांनी तपासलाय, कुणाच्या बापाला कळलं नाही. "तूच म्हणतेस ना, जगात हे वाचणारी माणसं चार आहेत?"

"हो."

"मग?"

"त्यातली एक मी आहे," ती म्हणाली.

मी चिडलो. नको ते बोललो. तुझं वय काय, तास गेले तर काय करणार आहेस, त्या उणीनं तुला काय दिलंय आजवर. ती सगळं ऐकून घेत राहिली. लहानपणी बाबा मला मारायचे तेव्हा मी असाच उभा राहायचो, पट्टी थांबायची वाट बघत. शेवटी माझाच आवाज फाटला. ती म्हणाली, "माझ्याबरोबर सरांकडे येतोस का? एकटीला जाववत नाही."

सर एका गल्लीत मुलीकडे राहतात. दार मुलीनं उघडलं. सर खिडकीशी बसले होते, नजर गेल्या काही महिन्यांत जवळजवळ गेलेली, त्यामुळे चेहरा आवाजाकडे वळायचा आणि थोडा चुकायचा. ताईनं उभ्यानंच सगळं सांगितलं, तीनपासून तीनपर्यंत. त्यांना माझ्याइतका वेळ लागला नाही. दोन वाक्यांत त्यांची मान खाली गेली.

"त्या पानावर माझी खूण आहे?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"हिरवी?"

"हो."

ते गुडघ्यावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी मोजलं नव्हतं. मोजणी तुझी असली की मी कधी मोजायचो नाही."

ताईला तेवढंच सोसलं नाही. सत्तावीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही. ती सरांच्या खुर्चीशेजारी खाली बसली आणि रडली, आणि सर अंदाजानं हात पुढे करून तिचं डोकं शोधत राहिले. ते त्यांना सापडेना. शेवटी मी त्यांचा हात धरून तिच्या डोक्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन पत्रं लिहिली. एक मासिकाला, की माझा लेख छापू नये, पान अमुक, ओळ अमुक, चूक माझी. दुसरं विद्यापीठाला. दोन्ही मीच पेटीत टाकली. मासिकाचं उत्तर आठ दिवसांत आलं, तीन ओळींचं, आभाराचं. विद्यापीठाचं अजून यायचंय.

तुमच्या मनात येईल की ते उदाहरण तरी कुठे छापता आलं असतं. मीही विचारलं होतं. ताईनं माहिती काढली. अटी न लावता उणी जाते हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, आणि अटी लावूनही जाते यात कुणाला नवल वाटलं नाही. टिकली असती तर बातमी होती.

कॉलेजनं जागा एका तरुण मुलीला दिली. हुशार आहे म्हणे, ताईनंच तिला दोन वर्षं शिकवलं होतं. सत्र संपलं तसे ताईचे तास संपले. हल्ली ती दुपारी दुकानात काज-बटणाचं काम करते. हात सफाईदार आहे अजून. खुणा मात्र करत नाही, त्या मला करायला लावते. माझी उडालेली भंबेरी बघत बसते.

गेल्या सोमवारी कॉलेजातून निरोप आला की स्टाफरूममधलं कपाट रिकामं करून किल्ली जमा करा. ताई सकाळी आंघोळ करून खाली आली आणि खुंटीवरचा राखाडी कोट उतरवला. तो आठ महिने तसाच होता, बिनबटणाचा. सुई घेऊन ती उंबऱ्यावर बसली, आणि पट्टीच्या बरोबर मध्यावर एक काळं बटण लावलं. समोर काज पाडलं, दोऱ्यानं नीट विणलं. अंगात घातला, बटण लावलं. मापात होता अगदी. एवढं तरी मी बरोबर केलं होतं.

उरलेली पाच बटणं माझ्या तळहातावर होती. "थांब, सगळी लावून देतो," मी म्हणालो. "दहा मिनिटं लागतील. जागा किती सोडू?"

तिनं किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि खिसा वरून थोपटला.

"एकच राहू दे," ती म्हणाली. "एकाला जागा शून्य, बारक्या. म्हणून तर मोजताना दिसलं नाही."

समोर बस लागली होती. ती रस्ता ओलांडून गेली आणि बाकीच्या माणसांत रांगेत उभी राहिली.